बाजार समित्या गेल्या, भावांची नोंदही गेली

संसदेने सप्टेंबर २०२० मध्ये तीन कृषी कायदे संमत केले, तेव्हा वादाच्या दोन्ही बाजूंना बिहारची आठवण झाली. बाजार समिती कायदा रद्द करून त्या राज्याला चौदा वर्षे झाली होती. समर्थक म्हणत, तेथे आभाळ कोसळले नाही. विरोधक म्हणत, तेथे शेतकऱ्याचे धान हमीभावाच्या खाली विकले जाते. कृषी बाजारांचा अभ्यासक म्हणून मला दोघांनाही एकच विचारावेसे वाटे : भावांची नोंद कोठे आहे?

२००६ पूर्वी बिहारमध्ये ९५ बाजार आवारे होती. त्यांचा कारभार आदर्श मुळीच नव्हता. शुल्क वसूल होई, सुविधा बेताच्याच असत. समित्या गेल्यावर खासगी गुंतवणूक येईल असे सांगितले गेले. ती फारशी आली नाही. मात्र समितीबरोबर आणखी एक माणूस गेला, ज्याची आठवण कोणी काढत नाही. आवक किती, किमान व कमाल भाव काय, हे रोज लिहून ठेवणारा कारकून. देशातील बाजारभाव एकत्र करणारे ‘ॲगमार्कनेट’ अशाच नोंदींवर उभे आहे, आणि त्यात बिहारची पाने विरळ आहेत.

पूर्णियाच्या गुलाबबागेत मक्याचा मोठा बाजार आजही भरतो. रब्बी हंगामात तेथून कोंबडीखाद्याच्या आणि स्टार्चच्या कारखान्यांकडे माल रवाना होतो. तेथील एका व्यापाऱ्याला मी भाव विचारला, तेव्हा त्याने मोबाइलवर आलेले कारखान्यांचे दर तत्परतेने दाखवले. शेतकऱ्याला काय दिले, हे विचारल्यावर तो हसला. ते त्याच्या वहीत होते, आणि वही खासगी. त्याला दोष देता येत नाही. शिवाय शेतकरी गुलाबबागेपर्यंत क्वचितच पोहोचतो. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार बिहारमधील सरासरी जमीनधारणा ०.३९ हेक्टर; एवढ्याशा मालासाठी वाहन करणे परवडत नाही. गावातलाच व्यापारी खळ्यावरून माल उचलतो. खळ्यावरचा भाव आणि गुलाबबागेतला भाव यांतील अंतर हाच संशोधनाचा खरा विषय, आणि नेमके तेच कोठे लिहिलेले नाही.

२०२० च्या टाळेबंदीत कोंबडीखाद्याची मागणी आटली आणि मका १,७६० रुपयांच्या हमीभावाच्या बराच खाली गेला. नुकसान किती झाले, हे आम्हाला शेतकऱ्यांच्या स्मरणावरून ठरवावे लागते. त्यांना भाव आठवतो. ओलाव्यापोटी आणि वजनात किती कापले गेले, ते आठवत नाही.

नव्या व्यापारविषयक कायद्याने तरी हे साधले असते काय? खरेदीदार व्यापाऱ्याकडे पॅन असावा, एवढी किमान अट त्यात होती. भावांची माहिती देणारी यंत्रणा केंद्र सरकार उभारू ‘शकेल’, असे म्हटले होते. उभारेलच, असे नव्हे. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिन्ही कायदे मागे घेण्यात आले आणि त्यांच्याबरोबर ते कलमही गेले. गुलाबबागेत कारकून बसवण्यास मात्र कोणत्याही कायद्याची आडकाठी नव्हती आणि आजही नाही.