वाफेची कढई : निगा आणि पाकसिद्धी



मंदाग्नीवर पाक करावा, हे आपण सारेच जाणतो. चुलीवर सरपण मागेपुढे करून तो साधता येत असे. आज अनेक निर्माणशाळांत क्वाथ, अवलेह व स्नेहपाक दुहेरी भिंतीच्या वाफेच्या कढईत, म्हणजेच जॅकेटेड केटलमध्ये होतात. तेथे अग्नी दिसत नाही. तो प्रेशर गेजच्या काट्यावरून ओळखावा लागतो, आणि कढईची निगा नसेल तर तो काटाही फसवितो.

आमच्या निर्माणशाळेत एका तैलाचा पाक दुपारपर्यंत सिद्ध होत असे. तो हळूहळू संध्याकाळपर्यंत लांबू लागला. द्रव्ये तीच, प्रमाण तेच, गेजवरील दाबही तोच. अखेरीस कारागिराने दाब वाढविला. तपासणीत दोन गोष्टी आढळल्या. स्टीम ट्रॅपच्या आधीची जाळी गंजाने बुजून जॅकेटमध्ये पाणी साचले होते; आणि वाफ निसटते म्हणून सेफ्टी व्हॉल्व्हचा दांडा तारेने बांधून ठेवला होता! पहिल्या दोषाने औषध बिघडले असते, दुसऱ्याने माणूस गेला असता. तार कोणी बांधली हे मी विचारले नाही. त्या कढईजवळून रोज जाणारा मीच होतो.

वाफेचे पाणी होताना जी उष्णता सुटते, तीच पाक घडविते. ते पाणी ट्रॅपमधून बाहेर गेले नाही तर कढईचा तळ निवतो. जॅकेटमध्ये हवा कोंडली तरी तसेच होते : १ किलो दाबाची शुद्ध वाफ सुमारे १२० अंश सेल्सिअस असते, पण हवा मिसळल्यास तोच दाब दिसूनही उष्णता कमी मिळते. म्हणून प्रारंभी निचऱ्याची तोटी व एअर व्हेंट उघडून साचलेले पाणी व हवा काढावी आणि वाफ सावकाश सोडावी. एकदम सोडल्यास पाण्याचे तडाखे बसून नळ दणदणतो व सांधे ढिले होतात. काम संपल्यावर वाफ बंद करून निचऱ्याची तोटी उघडी ठेवावी, अन्यथा थंड होताना आत निर्वात पोकळी निर्माण होते.

ट्रॅपपूर्वीची जाळी ठराविक दिवशी, वाफ पूर्ण बंद करून व दाब शून्यावर आल्यावरच उघडावी. सेफ्टी व्हॉल्व्ह व गेज यांची तपासणी जाणकाराकडून दरवर्षी करून घ्यावी. गळणारा व्हॉल्व्ह बदलावा, बांधू नये.

आतील पृष्ठभागाविषयी थोडेसे. चिकटलेला कल्क लोखंडी काथ्याने घासू नये. कोमट पाण्यात भिजवून लाकडी उलथन्याने सोडवावा. सैंधवयुक्त कल्प कढईत रात्रभर ठेवू नयेत, कारण लवणामुळे स्टेनलेस स्टीललाही बारीक खड्डे पडतात व त्यांत मागच्या कल्पाचा अंश राहतो. तापलेल्या रिकाम्या कढईत गार पाणी ओतण्याची सवयही मोडावी. कलत्या कढईच्या दंतचक्रांना वंगण बेताने द्यावे. ते औषधात ठिबकता कामा नये.

सन २००० मध्ये लागू झालेल्या परिशिष्ट ‘टी’नुसार प्रत्येक यंत्राच्या स्वच्छतेची व देखभालीची लेखी कार्यपद्धती हवीच. ती कपाटातील फाइलमध्ये असते. आम्ही आता ती मराठीत लिहून कढईशेजारच्या भिंतीवर लावली आहे, आणि खाली जाळी साफ केल्याच्या तारखा कारागीर स्वतः लिहितो.