ॲव्हरेज किती देते?

आपल्याकडे कुणी नवी गाडी घेतली की पेढा तोंडात टाकता टाकताच शेजारी पहिला प्रश्न विचारतात, ‘ॲव्हरेज किती देते?’ रंग, वेग, ऐसपैसपणा हे सगळे नंतर. गाडी स्कूटर असो की मोटार, प्रश्न बदलत नाही. फक्त एका जातीच्या गाडीला तो विचारायचा नसतो असा एक समज आहे, ती म्हणजे जुनी स्पोर्ट्स कार. ज्याने हौसेने हत्ती बांधला त्याला चाऱ्याचा हिशेब कशाला विचारायचा, असा त्यामागचा भाव असावा.

माझे मत उलटे आहे. हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारायला हवा तो याच गाडीच्या मालकाला. पेट्रोल वाचवायचे म्हणून म्हणत नाही. वर्षाकाठी दीड-दोन हजार किलोमीटर धावणारी गाडी वाचवून वाचवून किती वाचवणार? पण साठ-पासष्ट वर्षांच्या इंजिनात काय बिनसले आहे हे सांगणारा इतका स्वस्त साक्षीदार दुसरा मिळत नाही. नव्या गाडीत काही बिघडले की समोर पिवळा दिवा लागतो. जुन्या गाडीला असा दिवा नसतो, तिचे ॲव्हरेज घसरते. तेवढ्यावरून ओळखायचे.

हे सगळे मी आमच्या मेहुण्यांच्या एमजीएवरून सांगतो आहे. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डन गावी १९५५ ते १९६२ या सात वर्षांत ही दोन आसनांची, उघड्या टपाची गाडी बनली. एक लाखाहून थोड्या जास्त गाड्या निघाल्या आणि त्यातल्या बहुतेक परदेशी गेल्या. मेहुण्यांची १९५८ सालची. मुंबईच्या एका पारशी डॉक्टरांनी विलायतेहून परतताना आणलेली, पुढे दोन हात फिरून पुण्यात आलेली. दिसायला अशी की सिग्नलला उभी राहिली तर शेजारचा रिक्षावाला मीटर विसरतो.

पण या नखरेल बाईचे काळीज अगदी घरगुती आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तिचे १४८९ सीसीचे इंजिन ‘बी सीरीज’ घराण्यातले. त्याच घराण्यातले, त्याच मापाचे इंजिन मॉरिस ऑक्सफर्डला होते आणि तेच आपल्या ॲम्बॅसॅडरला आले. बोअर तोच, स्ट्रोकही तोच. फरक इतकाच की ॲम्बॅसॅडरला एक कार्बोरेटर आणि साधे पेट्रोल पचेल असे कमी कॉम्प्रेशन, तर एमजीएला दोन एसयू कार्बोरेटर आणि ८.३ चे कॉम्प्रेशन. म्हणजे कलेक्टर कचेरीच्या आवारात वर्षानुवर्षे उभी असलेली पांढरी गाडी आणि ही लाल गाडी सख्ख्या नसल्या तरी चुलत बहिणी आहेत. मेहुण्यांना हे कळले तेव्हा त्यांनी विलायती पुस्तकांचा नाद सोडला आणि भवानी पेठेत ॲम्बॅसॅडरच्या बॉनेटखाली हयात घालवलेले एक मिस्त्री गाठले. गाडी घेतल्यानंतरचा तो त्यांचा सर्वांत शहाणपणाचा निर्णय.

आता आकड्याकडे येऊ. लंडनच्या ‘द मोटर’ या साप्ताहिकाने १९५५ साली ही गाडी तपासली तेव्हा गॅलनला २६.७ मैल असा हिशेब निघाला. आपल्या भाषेत लिटरला साडेनऊ किलोमीटर. म्हणजे निरोगी एमजीएने नऊच्या आसपास द्यावे. सात दिले तर ती आजारी आहे, आणि बारा दिले असे कुणी सांगितले तर सांगणारा तरी थापा मारतो आहे किंवा मैलांचा काटा बिघडला आहे. मोजायची रीत एकच: टाकी काठोकाठ भरायची, फिरायचे, पुन्हा त्याच पंपावर काठोकाठ भरायची. एका भरण्यावर भरवसा ठेवायचा नाही, चार-पाच भरण्यांची सरासरी धरायची. मेहुण्यांना हिशेबाचा कंटाळा, आणि माझा जन्म बँकेत खतावण्या जुळवण्यात गेलेला. तेव्हा गाडीच्या कप्प्यातली वही मी लिहितो. तारीख, मैल, लिटर, आणि ‘शेरा’.

२०२१ च्या पावसाळ्यानंतर या वहीत ९.२ चे ८.६ झाले, मग ७.५, आणि जानेवारी २०२२ मध्ये ६.४. गाडी पळत होती, धूरही फारसा नव्हता. मेहुण्यांनी ती एका चकचकीत वर्कशॉपमध्ये नेली. तिथे सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून काळे झालेले बोट त्यांना दाखवण्यात आले. इंजिन बसले आहे, बोअर करावे लागेल, पिस्टन आणि रिंगा इंग्लंडहून मागवू, सव्वातीन लाख. मेहुणे निवृत्त प्राध्यापक. त्या रात्री त्यांनी मला फोन केला, ‘भाऊजी, वही घेऊन या. विकायची तर गिऱ्हाइकाला काय काय दाखवायचे ते ठरवू.’ आवाजावरून घरात कुणी गेले आहे असे वाटावे.

मी म्हटले, आधी मिस्त्रींना दाखवू.

मिस्त्रींनी वही पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, ‘तेल किती पिते?’ वहीत तेही होते: हजार मैलांना पाऊण लिटरच्या आत, चार वर्षे तेवढेच. रिंगा गेल्या असत्या तर तेलाचा खप वाढला असता. त्यांनी चारही प्लग काढून कॉम्प्रेशन मोजले; चारही आकडे एकमेकांच्या पाच-सात पौंडांच्या आत. बोअरचा विषय तिथेच संपला. ‘इंजिन बसलेले नाही साहेब, त्याला जास्त जेवण जातंय.’

मग त्यांनी काढलेले प्लग ओळीने फडक्यावर मांडले. प्लगचे टोक खारी बिस्किटासारखे तपकिरी असावे. काजळी धरली तर पेट्रोल जास्त, पांढरे पडले तर कमी. पहिले दोन ठीक होते, मागचे दोन काजळलेले. या इंजिनाला दोन कार्बोरेटर, पुढचा पहिल्या दोन सिलिंडरांना पाजतो आणि मागचा उरलेल्या दोघांना. तेव्हा दोषी कोण हे फडक्यावरच ठरले.

एसयू कार्बोरेटर ही मोठी गमतीची चीज आहे. १९०५ च्या सुमारास स्किनर नावाच्या भावांनी तो काढला. घराणे जोड्यांच्या धंद्यातले, म्हणून सुरुवातीच्या कार्बोरेटरात भाताही चामड्याचाच होता. इंजिन हवा ओढते, तसा आतला पिस्टन उचलला जातो. पिस्टनला खाली निमुळती सुई, ती जेटमधून वर सरकते आणि जितकी हवा तितके पेट्रोल आपोआप सुटते. चोक ओढला की जेट खाली उतरतो आणि पेट्रोल वाढते. मागच्या कार्बोरेटरचा जेट थंडीत चोक ओढल्यावर खाली आला तो पुरता वर गेलाच नव्हता. तारेला गंज, सांध्याला मळ. म्हणजे अर्धे इंजिन महिनोन् महिने चोकवर चालले होते. साफसफाईला एक तास. त्यानंतर मिस्त्रींनी बोटाने पिस्टन किंचित उचलून इंजिन ऐकले. रेस वाढून वाढलेलीच राहिली तर मिश्रण दाट, बंद पडायला आले तर पातळ, क्षणभर वाढून पूर्ववत झाली तर बरोबर. दोन्ही कार्बोरेटर सारखी हवा ओढतात का हे त्यांनी रबरी नळीचे एक टोक कानाला लावून, दुसरे आळीपाळीने दोघांच्या तोंडाशी धरून ठरवले. सुस्काऱ्याचा सूर जुळला की झाले.

आणखी दोन गोष्टी निघाल्या आणि दोन्ही आपल्या देशी सवयीच्या आहेत म्हणून सांगतो. एक, इंजिनाला थर्मोस्टॅटच नव्हता. ‘उकाड्याच्या मुलखात कशाला हवा’ म्हणून तो काढून फेकायची आपल्या मेकॅनिक मंडळींना फार हौस. मेहुणेही काटा कधी वर चढत नाही म्हणून खूष होते. पण इंजिन पुरते तापले नाही तर पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते भिंतींवरून ओघळून तेलात उतरते आणि झीज वाढते. गार इंजिन हे सुखी इंजिन नव्हे. दुसरी गोष्ट, डेल्कोला जाणारी व्हॅक्यूमची बारीक नळी तडकलेली. पाय हलका ठेवून एका चालीत जाताना ठिणगी थोडी आधी पडावी, यासाठी ती नळी असते. ती नसली तरी गाडी पळते, म्हणून कुणाचे लक्ष जात नाही. फक्त प्रत्येक किलोमीटरला ती थोडे जास्त पिते.

एकूण बिल सहा हजार चारशे. मार्चमध्ये वहीत ९.० लिहिले. विक्रीची जाहिरात मेहुण्यांनी तयार ठेवली होती, ती माझ्या वहिनींनी फाडली. त्यांना ती गाडी कधीच आवडली नाही, पण नवऱ्याचा चेहरा त्यांना जास्त नावडला असावा.

बाजारात मिळणारी चुंबके आणि टाकीत टाकायच्या गोळ्या यांविषयी लिहून जागा अडवत नाही. टायरमध्ये हवा भरा, चाक हाताने मोकळे फिरते का पाहा, घाट उतरून आल्यावर एखादा ब्रेकड्रम बाकीच्यांपेक्षा गरम लागतो का ते हात जवळ नेऊन पाहा. यात सगळे आले. आणि न्यूट्रलवर घाट उतरून पेट्रोल वाचवणाऱ्यांनी चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या गाडीत तरी तो प्रयोग करू नये.

खरी काळजी आता निराळी आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळायचे लक्ष्य २०२५ साली गाठले गेले. कोल्हापूर-सांगलीकडच्या उसाला त्यातून गिऱ्हाईक मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांशच उष्णता असते, आणि त्याला जळायला हवाही कमी लागते. नव्या गाडीतला संगणक हे ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरला काही कळत नाही, तो पूर्वीच्याच मापाने देतो आणि मिश्रण पातळ पडते. आमच्या प्लगची टोके पांढरट दिसू लागली तेव्हा मिस्त्रींनी दोन्ही जेट एकेक चपटी बाजू खाली उतरवले. वहीत आता साडेआठ ते पावणेनऊ येते. ही घट इंधनाची आहे, इंजिनाची नाही. वही नसती तर हा फरक कळला नसता आणि पुन्हा कुणी बोट काळे करून दाखवले असते. याशिवाय इथेनॉल हवेतले पाणी शोषते, जुने रबर फुगवते, आणि या जातीच्या कार्बोरेटरांच्या जेटभोवती तर बुचाच्या लाकडाच्या चकत्या असतात. सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घातल्या. किल्ली फिरवली की मागे पेट्रोलचा विजेचा पंप टिकटिकतो आणि थांबतो. न थांबता टिकटिकत राहिला तर खाली उतरून कुठे गळते ते शोधायचे, काडी ओढणाऱ्याला लांब ठेवायचे.

याआधी एकदा असाच धक्का बसला होता, २००० साली शिशाचे पेट्रोल देशभर बंद झाले तेव्हा. शिसे मुलांच्या मेंदूला घातक, गेले ते उत्तमच. पण जुन्या बिडाच्या हेडमध्ये व्हॉल्व्हच्या बैठकीला ते गादीसारखे होते. ते गेल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू हेडमध्ये रुतू लागतो आणि टॅपेटची गॅप मिटत जाते. म्हणून दर तीन हजार मैलांना गॅप बघायची: एका इंचाचे हजार भाग केले तर त्यातले पंधरा-सतरा, मिस्त्रींच्या भाषेत ‘थाऊ’. आठही गॅप वहीत आहेत. गेल्या दोन वेळा तिसऱ्या सिलिंडरची एक्झॉस्टची गॅप इतरांपेक्षा दोन थाऊ कमी भरली. म्हणजे हेड उतरवून कडक पोलादाची बैठक बसवायची वेळ येते आहे.

मिस्त्री म्हणतात, घाई नाही. फीलर गेजची पाती ते डोळ्यांनी बघत नाहीत, बोटाला किती घासते त्यावरून ठरवतात. त्यांचा पुतण्या हाताखाली शिकतो आहे; पहिल्या दिवशी त्याने एमजीएच्या डॅशबोर्डखाली वाकून स्कॅनर लावायची जागा शोधली होती. परवा मिस्त्रींनी नळी त्याच्या कानाला दिली. त्याने बराच वेळ ऐकले आणि मागचा कार्बोरेटर जास्त ओढतो आहे म्हणून सांगितले. मिस्त्रींनी नळी घेऊन स्वतः ऐकले, काही बोलले नाहीत, आणि स्क्रू ड्रायव्हर त्याच्याच हातात दिला. हेड दिवाळीनंतर उतरवायचे ठरले आहे. त्याआधी मिस्त्रींच्या डाव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन आहे.