प्राकणूंकडे प्रथिनांचे प्रेषण

वनस्पतीच्या कोशिकेत (पेशीत) तयार झालेले प्रथिन त्याच कोशिकेतील प्राकणूंमध्ये नेऊन पोहोचविण्याची नैसर्गिक क्रिया आणि तिचा पीकसुधारणेसाठी केलेला उपयोग यांना उद्देशून ही संज्ञा वापरतात. प्राकणू ही दुहेरी पटलाने वेढलेली सूक्ष्म कोशिकांगे होत. पानांतील हिरवे हरितकणू, फुलाफळांतील रंगीत वर्णकणू व कंदांतील स्टार्च साठविणारे श्वेतकणू हे त्यांचे परिचित प्रकार आहेत. प्रकाशसंश्लेषण तर हरितकणूंत होतेच. शिवाय स्टार्च, वसाम्ले व अनेक ॲमिनो अम्ले यांची निर्मितीही प्राकणूंतच होते. त्यामुळे पिकाचा एखादा गुण बदलावयाचा, तर नुसते नवे जनुक घालून भागत नाही. त्यापासून होणारे प्रथिन योग्य जागी जाते की नाही, हेही पाहावे लागते.

प्राकणूंचे पूर्वज स्वतंत्रपणे जगणारे नील-हरित सूक्ष्मजंतू होते, असे मानतात. त्यांची बहुतेक जनुके कालौघात यजमान कोशिकेच्या केंद्रकात गेली. हरितकणूत दोन ते तीन हजार प्रकारची प्रथिने असतात. परंतु त्यांपैकी जेमतेम शंभरांची माहिती त्याच्या स्वतःच्या डीएनएमध्ये असते. उरलेली कोशिकाद्रवातील रिबोसोमांवर तयार होतात व त्यांना बाहेरून आत यावे लागते. अशा प्रथिनाच्या अग्रभागी साधारणपणे तीस ते शंभर ॲमिनो अम्लांचा एक जादा तुकडा असतो. त्यास संक्रमण पेप्टाइड म्हणतात. त्याची तुलना पाकिटावरील पत्त्याशी करण्याची पद्धत आहे. ती सोयीची असली, तरी पुरती लागू पडत नाही. कारण या तुकड्यांचा मजकूर ठरावीक नसतो. त्यांत सेरीन व थ्रिओनीन विपुल आणि अम्लधर्मी घटक अल्प असतात, एवढेच साम्य सहज दिसते. प्रथिन उलगडलेल्या स्थितीत दोन्ही पटलांतील प्रवेशमार्गांतून ऊर्जा खर्चून आत ओढले जाते. आत पोहोचताच एक एंझाइम हा तुकडा छाटून टाकते आणि मग प्रथिनाची घडी बसते.

१९७८ मध्ये च्वा व श्मिट यांनी, तसेच हायफील्ड व एलिस यांनी रुबिस्को या एंझाइमाच्या लहान घटकावर प्रयोग केले. हा घटक प्रथम लांब स्वरूपात तयार होतो, अलग केलेल्या हरितकणूंत शिरतो व तेथे आखूड होतो, असे त्यांना परीक्षानळीत आढळले. परक्या प्रथिनाला हाच तुकडा जोडला, तर तेही आत जाते, हे पुढील दशकात स्पष्ट झाले. ‘सोनेरी तांदूळ’ (२०००) हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. त्यातील कॅरोटीन बनविणाऱ्या सूक्ष्मजंतुजन्य एंझाइमाला वाटाण्याच्या रुबिस्कोचे संक्रमण पेप्टाइड जोडलेले होते.

कापूस : महाराष्ट्रात हे तंत्र शेतापर्यंत आले, ते कापसाच्या रूपाने. परळ-लालबागच्या गिरण्या कापूस पारखीत तो तंतूच्या लांबीवर व मजबुतीवर. माटुंग्याच्या प्रयोगशाळेत १९२४ पासून हेच गुण मोजले जात. १९८२ च्या संपानंतर गिरणगावाला उतरती कळा लागली आणि त्यानंतर वीस वर्षांनी, २००२ मध्ये, भारतात बीटी कापसाला मान्यता मिळाली. हा बदल तंतूचा नव्हे, झाडाच्या संरक्षणाचा होता. पहिल्या वाणांतील क्राय१एसी हे कीटकनाशक प्रथिन कोशिकाद्रवातच राहते. २००६ मध्ये मान्य झालेल्या बोलगार्ड-२ वाणांत मात्र त्याच्या जोडीला क्राय२एबी आले. त्याला अराबिडॉप्सिस या लहान वनस्पतीचे संक्रमण पेप्टाइड जोडलेले असल्याने ते प्राकणूंत जाते. हे प्रथिन झाडात अधिक प्रमाणात साठावे, हा त्यातील हेतू होता. तथापि प्रेषण अचूक असले, म्हणून किडीची प्रतिकारक्षमता रोखली जात नाही. गुलाबी बोंडअळीवर ही दोन्ही प्रथिने निष्प्रभ ठरू लागली व २०१७ च्या हंगामात राज्यातील कापसाची मोठी हानी झाली.

तणनाशकसह कापसात तर प्रेषण अनिवार्यच ठरते. ग्लायफोसेट हे तणनाशक ज्या एंझाइमाला निकामी करते, ते फिनिल ॲलॅनीन, टायरोसीन व ट्रिप्टोफेन यांच्या निर्मितीत लागते आणि प्राकणूंत काम करते. म्हणून त्याच्या जागी ॲग्रोबॅक्टीरियम सूक्ष्मजंतूचे दाद न देणारे एंझाइम घालावयाचे, तर तेही तेथेच पोहोचले पाहिजे. कोशिकाद्रवात साठून त्याचा उपयोग नाही. असे वाण भारतात मंजूर झालेले नाही; महिको कंपनीने आपला अर्ज २०१६ मध्ये मागे घेतला. तरीही अनधिकृत बियाणे विदर्भात पसरले आणि जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोट तालुक्यात शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी बंदी झुगारून त्याची जाहीर पेरणी केली. निंदणीची मजुरी परवडत नाही, ही शेतकऱ्यांची तक्रार खरी आहे. परंतु चोरट्या बियाण्याची शुद्धता कोणीच तपासत नाही, हेही तितकेच खरे.

प्रथिन पाठविण्याऐवजी जनुकच प्राकणूच्या डीएनएमध्ये बसविण्याचा दुसरा मार्ग आहे. तंबाखूत तो १९९० मध्ये व कापसात २००४ मध्ये साधला. बहुतेक पिकांत प्राकणू मातेकडूनच येतात. त्यामुळे असे जनुक परागांवाटे शेजारच्या शेतात जाण्याचा संभव फार कमी असतो. केंद्रकात बसविलेल्या जनुकास, त्याचे प्रथिन प्राकणूंत जात असले तरी, ही मर्यादा नसते.