दूध कशात तापवलं?

एक-दीड वर्षाचं मूल. किरकिरं झालेलं, अन्नावरची वासना उडालेली, हातपाय वाळलेले आणि पोट मात्र दिवसेंदिवस फुगत चाललेलं. डॉक्टरांनी उजव्या बरगडीखाली बोटं टेकवली की लिव्हरची टणक, धारदार कड हाताला लागायची. पुढे कावीळ, पोटात पाणी, आणि बहुतेकदा काही महिन्यांत मृत्यू. कित्येक घरांत एकापाठोपाठ दोन भावंडं अशी गेली.

कोलकात्यात १८८७ मध्ये सेन यांनी या आजाराचं वर्णन केलं. पुढे त्याला ‘इंडियन चाइल्डहूड सिरॉसिस’ असं नाव पडलं. मुलं साधारण सहा महिने ते चार वर्षं वयाची असत, आणि त्यातही मुलगे जास्त. कुणी विषाणूवर संशय घेतला, कुणी बुरशी लागलेल्या धान्यातल्या विषावर, कुणी आनुवंशिकतेवर. जवळजवळ शतकभर त्यातला एकही धागा शेवटपर्यंत गेला नाही. हे कोडं बऱ्याच अंशी सोडवण्यात पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचा मोठा वाटा आहे. मराठी मुलखात झालेल्या या संशोधनाची आपल्याला पुरेशी ओळख नाही, म्हणून हा लेख.

पहिला सुगावा प्रयोगशाळेत लागला. सुईने काढलेला लिव्हरचा बारीकसा तुकडा, त्याची पातळ चकती आणि तिला दिलेला ऑर्सीन नावाचा रंग. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधल्या पोर्टमन, टॅनर आदी डॉक्टरांनी १९७८ मध्ये या आजाराचे असे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा पेशींमध्ये गडद तपकिरी कणांची दाटी दिसली. ते कण साठलेल्या तांब्याची खूण होते. पुढच्याच वर्षी तांबं प्रत्यक्ष मोजलं गेलं. निरोगी लिव्हरच्या एक ग्रॅम कोरड्या ऊतीत तांबं साधारण ५० मायक्रोग्रॅमच्या आत असतं. या मुलांमध्ये ते शेकड्यांत आणि अनेकदा हजाराच्या वर निघालं.

पण एवढं तांबं आलं कुठून? याचं उत्तर काचपट्टीवर मिळणारं नव्हतं. त्यासाठी आईशी बोलावं लागणार होतं. केईएममध्ये डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे अशी मुलं तपासत होते. डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत त्यांनी घरोघरच्या दुधाची चौकशी मांडली. बाळाला वरचं दूध कधी सुरू केलं, ते कशात तापवलं, कशात ठेवलं, हे प्रश्न आजारी मुलांच्या घरी विचारले गेले, आणि तुलनेसाठी निरोगी मुलांच्या घरीही. आजारी मुलांना गाई-म्हशीचं दूध फार लवकर सुरू झालेलं होतं, आणि ते तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलेलं, साठवलेलं होतं. १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हा निष्कर्ष छापून आला.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. हे आपल्या आज्यांना वेगळं सांगावं लागत नव्हतं. पितळी भांड्यात आंबट ठेवलं की कळकतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर दारात कल्हईवाला यायचा. भात्यावर तापलेल्या भांड्यात नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठला की कथलाचा तुकडा फिरवायचा आणि कापसाच्या बोळ्याने सरसर पुसून आतून चांदीसारखा लखलखता थर चढवायचा. हा थर झिजला की दूध थेट पितळेला लागतं. दुधात मुळात तांबं अगदी थोडं असतं. पण त्यातलं केसीन हे प्रथिन भांड्यातलं तांबं धरून ठेवतं. तेच दूध दिवसातून तीनतीनदा तापवलं की मात्रा वाढत जाते. मोठ्यांचं शरीर जादा तांबं पित्तावाटे बाहेर टाकतं. तान्ह्या बाळाची ही यंत्रणा अजून तयार झालेली नसते, आणि त्याच्या लिव्हरमध्ये जन्मतःच तांब्याचा साठा जास्त असतो. त्यात वरून ही भर.

निदानाबरोबर उपचाराचीही वाट सापडली. विल्सन्स डिसीज या तांबं साठण्याच्याच आजारावर १९५६ पासून पेनिसिलामाइन वापरात होतं; ते तांब्याला बांधून लघवीवाटे बाहेर काढतं. पुण्यात या मुलांना ते देऊन पाहिलं गेलं. आजार लवकर हाती लागलेली काही मुलं वाचली, हेच त्या काळी मोठं होतं. उशिरा आलेल्यांना मात्र औषधाचा फारसा उपयोग झाला नाही. खरा मार्ग प्रतिबंधाचाच होता: भांडं बदला, अंगावरचं दूध सोडू नका. एव्हाना घरोघरी स्टीलही आलं होतं. आज हा आजार भारतात क्वचितच दिसतो.

या निष्कर्षाला दूरवरून दुजोराही मिळाला. ऑस्ट्रियाच्या टिरोल भागात १९०० ते १९७४ या काळात १३८ बालकं अशाच आजाराने दगावल्याचं १९९६ मध्ये प्रसिद्ध झालं. तिथेही बाळाचं दूध तांब्याच्या भांड्यात तापवत, आणि भांडी बदलल्यावर आजार ओसरला. तिथे आनुवंशिक दोषाचीही चिन्हं होती. आपल्याकडेही पितळेतलं दूध प्यायलेली सगळीच मुलं आजारी पडली नाहीत, त्यामुळे एकटं तांबं पुरेसं कारण आहे का, हा वाद तज्ज्ञांमध्ये चालू आहे. तो व्हायलाच हवा. पण वाद मिटण्याची वाट न पाहता भांडं बदलायला सांगितलं गेलं, हे फार बरं झालं.

लिव्हरवरचं संशोधन म्हटलं की आपल्यासमोर महागडी यंत्रं उभी राहतात. ती हवीतच, ऑर्सीनच्या रंगाशिवाय तांब्याचा संशयही आला नसता. पण ज्या आईच्या मांडीवर आजारी मूल होतं तिला दोष न देता, तिच्या स्वयंपाकघराची बारकाईने विचारपूस करणं, हेही तितक्याच तोलामोलाचं शास्त्र आहे.

तांब्या-पितळेची भांडी आता हौसेने पुन्हा घरात येत आहेत. जरूर आणा. मात्र दूध, ताक, चिंच-कोकमाचं काही बिनकल्हईच्या भांड्यात ठेवू नका. बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्या, आणि नंतरचं वरचं दूध स्टीलच्याच पातेल्यात तापवा.