वऱ्हाडच्या सिंचनाचा अनुशेष

अमरावती : महाराष्ट्रात विकासनिधीच्या प्रादेशिक वाटपाला राज्यघटनेचाच आधार आहे. विदर्भावरील खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावा, हे १९५३च्या नागपूर करारात ठरले होते. १९५६ साली कलम ३७१(२) आले. विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विकास मंडळे आणि निधीच्या समन्यायी वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांकडे, अशी त्यातील तरतूद. मंडळे स्थापन व्हायला मात्र १९९४ उजाडले.

वाटपाचे माप दिले ते वि. म. दांडेकर समितीने. १९८४च्या अहवालात तिने रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत राज्याची सरासरी काढली. एखादा जिल्हा त्या सरासरीच्या जितका खाली, तितका त्याचा अनुशेष. तेव्हा तो राज्यभर ३,१८६ कोटी ७८ लाख रुपये भरला. निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ची स्थिती धरून पुन्हा मोजणी केली, तेव्हा आकडा १४,००६ कोटी ७७ लाखांवर गेला. त्यात एकट्या विदर्भाचे ६,६२४ कोटी. २००१पासून राज्यपाल याच आधारावर वार्षिक निधीचे निर्देश देऊ लागले.

विदर्भाचा हिशेब एकत्र मांडला की वऱ्हाडचे दुखणे झाकले जाते. भंडारा-गोंदियाकडे निदान जुने मालगुजारी तलाव आहेत. इकडे अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाण्यात रुपयांतला अनुशेष कागदावर संपला, तरी हेक्टरमधला उरलाच. तरतूद झाली म्हणून शेतात पाणी येत नाही. भूसंपादन अडले की कालवाही अडतो. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात तर हा प्रश्न जास्तच बिकट आहे. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर भागात विहीर खोदली तरी पाणी खारे लागते. ते पिकाला दिले की काळी जमीन चोपण होते. इतरत्र शेतकरी स्वतःच्या विहिरीवर हरभरा, गहू काढतो. इथे धरणाचे किंवा शेततळ्याचे गोडे पाणी मिळाले तरच रब्बीची हमी. म्हणून सिंचनाचा रुपया इथे आधी यायला हवा होता.

विजय केळकर समितीने २०१३च्या अहवालात जिल्ह्याच्याही खाली, तालुक्यापर्यंत मोजमाप नेले. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली आणि सप्टेंबर २०२२मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यांच्या पुनर्गठनाचा निर्णय घेतला.