जड गाडी, हलकी गाडी

मुंबई-कोलकाता महामार्ग भंडाऱ्याजवळ वैनगंगा ओलांडतो. आमच्या लहानपणी, म्हणजे १९९०च्या आसपास, या रस्त्यावर मोटारी म्हणजे मुख्यतः दोन: सरकारी साहेबांची आणि टॅक्सीवाल्यांची ॲम्बॅसडर, व डॉक्टर-वकिलांची फियाट, म्हणजेच प्रीमियर पद्मिनी. पद्मिनी २०००च्या सुमारास बंद झाली, ॲम्बॅसडर २०१४ मध्ये. त्यांच्यावरून होणारा वाद मात्र अजून ऐकू येतो. ॲम्बॅसडरवाले म्हणत, "जड गाडी रस्त्याला धरून चालते." फियाटवाले म्हणत, "हलकी गाडी पटकन पळते."

आकडे पाहू. जुन्या ॲम्बॅसडरचे इंजिन १४८९ घन सेंमीचे, सुमारे ५० अश्वशक्तीचे. वजन साधारण ११०० किलो. पद्मिनीचे १०८९ घन सेंमी, सुमारे ४० अश्वशक्ती; वजन साधारण ९०० किलो. भागाकार केला, तर दर अश्वशक्तीमागे एकीत २२ किलो, दुसरीत साडेबावीस. रिकाम्या गाडीत फारसा फरकच नाही! आता माणसे व सामान मिळून ४०० किलो चढवा. ॲम्बॅसडरचा आकडा ३० होतो, फियाटचा साडेबत्तीस. भार तोच, पण हलक्या गाडीला तो अधिक जाणवतो. 'पटकन पळते' हे म्हणणे लग्नाच्या वऱ्हाडात टिकत नाही.

वळणाचा मुद्दा अधिक रंजक आहे. वळताना गाडीला केंद्राकडे ओढणारे बल लागते आणि ते टायर व रस्ता यांच्यातील घर्षणातून मिळते. वजन जास्त तर लागणारे बल जास्त. पण त्याच प्रमाणात घर्षणही जास्त. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना वस्तुमान येते आणि कटते. उरते ते फक्त वेगाचा वर्ग भागिले वळणाची त्रिज्या. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ५४ किमी, म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाने लागणारे त्वरण साडेचार. ताशी ७२ किमीला आठ. कोरड्या डांबरावर साधारण सातपर्यंत निभावते, पावसात बरेच कमी. जड असो की हलकी, घसरायची ती दोघीही घसरतील.

मग ॲम्बॅसडर स्थिर का वाटे? तिची डावी-उजवी चाके थोडी अधिक दूर असतात, हे एक कारण. उलटण्याचा प्रश्न वजनाचा नसून गुरुत्वमध्याच्या उंचीचा आणि चाकांमधील अंतराचा आहे.

हे वर्गात दाखवता येते. दोन काड्यापेट्या घ्या, एकीत वाळू भरा. दोन्ही आडव्या ठेवून खरखरीत फळी हळूहळू उचला. दोन्ही जवळपास एकाच उतारावर घसरू लागतात. आता पेटी उभी ठेवून, रुंद बाजू उताराकडे करून तेच करा. ती घसरण्याआधीच कोलमडते.

तुमसरला एका लग्नाला जाताना आमच्या फियाटच्या टपावर भांडी आणि सतरंज्यांची गाठोडी बांधली होती. पहिल्या वळणावर गाडी इतकी कलली, की आम्ही मुले एकमेकांवर पडलो. चालवणाऱ्या काकांनी निमूटपणे गाडी कडेला घेतली, भांड्यांची पोती उतरवून आमच्या पायांशी ठेवली आणि आम्हाला पाय वर घेऊन बसायला सांगितले. तुमसरपर्यंत आम्ही तसेच बसलो.