खिडकीतली एक जुडी

हॉस्टेलची खिडकी, पीजीची बाल्कनी, वन आरकेचं ग्रिल. एवढ्या जागेत भाजी पिकते का? पिकते. फक्त सुरुवात टोमॅटोपासून करू नका.

ती रील तुम्हीही पाहिली असेल. पंधरा सेकंदांत बी पडतं, कोंब फुटतो, लालबुंद टोमॅटो लगडतात आणि कुणीतरी हसत हसत टोपली भरून नेतं. ते बघून आपण तडक नर्सरी गाठतो. चार कुंड्या, टोमॅटोचं एक रोप, मिरचीचं एक, तुळस आणि कसलं तरी जांभळ्या फुलांचं. बघता बघता हजार रुपये गेले. महिन्याभरात मिरचीची पानं आकसतात, टोमॅटोचं झाड नुसतंच उंच होतं, फळ काही धरत नाही. मग आपणच निकाल लावतो, ‘जाऊ दे, आपल्या हाताला गुणच नाही!’

हाताच्या गुणाचा इथे फारसा संबंध नसतो. शहरातली कुंडीतली शेती बसते ती बहुतेक वेळा दोन कारणांनी. ऊन कमी पडतं आणि पाणी जास्त होतं. या दोन गोष्टी कळल्या तर उरलेलं सगळं जमतं. म्हणून बी विकत घेण्याआधी एक काम करा.

आधी ऊन मोजा

एखादा रविवार घ्या. सकाळी 7 ते संध्याकाळी 6, दर तासाला खिडकीकडे एक नजर टाका आणि जिथे डबा ठेवणार तिथे थेट ऊन पडतंय का, ते मोबाइलमध्ये नोंदवा. उजेड धरायचा नाही, ऊन धरायचं. बास, एवढाच सर्व्हे.

बेरीज 6 तास किंवा त्याहून जास्त आली, तर मिरची, टोमॅटो, वांगी अशा फळभाज्यांचा विचार करता येईल. 3 ते 4 तास आले, तर पालेभाज्या: मेथी, पालक, कोथिंबीर, लाल माठ. त्याहूनही कमी असेल तर पुदिना आणि पानओवा यांच्यावर समाधान माना. दोघंही कमी उन्हात तग धरतात. ज्या खिडकीत ऊन येतच नाही, तिथे भाजीचा हट्ट नको. गच्ची वापरू देतात का ते विचारा.

खिडकीची दिशाही बघा. पूर्वेची खिडकी नवख्यांसाठी सगळ्यात चांगली, कारण सकाळचं कोवळं ऊन पानांना सोसतं. पश्चिमेचं ऊन एप्रिल-मेमध्ये पानं करपवतं, तेव्हा जुनी ओढणी आडवी बांधावी लागते. दक्षिणेच्या खिडकीची एक गंमत आहे. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून डिसेंबरात तिथे भरपूर ऊन येतं. मे महिन्यात मात्र आपल्याकडे दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि तीच खिडकी सावलीत जाते. त्यामुळे जानेवारीत जोमात असलेलं झाड मे महिन्यात रुसलं, तर घाबरू नका. डब्याची जागा बदला.

कुंडी नको, डबा शोधा

पालेभाजीला 6 ते 8 इंच खोली पुरते. त्यासाठी कुंडी विकत घ्यायची गरज नाही. मेसवाल्या काकूंकडे तेलाचे 5 लिटरचे रिकामे कॅन असतात. तो कॅन आडवा ठेवायचा, वरची बाजू कापून काढायची, तळाला तापलेल्या खिळ्याने 8-10 भोकं पाडायची की झाला वाफा तयार. आइस्क्रीमचा मोठा डबा, चिरलेली बादली, फुटका टब, सगळं चालतं. रंगाचे किंवा औषधांचे डबे मात्र अजिबात नकोत. आपण त्यातलं खाणार आहोत.

टोमॅटो-मिरचीला मोठं भांडं लागतं. टोमॅटोला तर निदान 15 ते 20 लिटरची बादली हवी. इथे वजनाचा हिशेब करा. ओल्या मातीने भरलेली 20 लिटरची बादली सहज 25 किलोच्या वर जाते. ती ग्रिलच्या बाहेरच्या पट्टीवर ठेवायची गोष्ट नाही. खाली रस्ता असतो, रस्त्यावर माणसं असतात. हलका डबासुद्धा ग्रिलच्या आतच ठेवा आणि तारेने बांधा.

मातीत काय घालाल?

सोपं मिश्रण असं: एक भाग माती, एक भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत. कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. तो ओलावा धरतो, वजन हलकं ठेवतो, पण त्यात पोषण जवळजवळ नसतं. म्हणून नुसत्या कोकोपीटमध्ये लावलेलं रोप सुरुवातीला छान दिसतं आणि मग पिवळं पडतं. पोट भरतं ते खताने.

खिशाला हेही जड वाटत असेल, तर महाराष्ट्रातच घडलेला एक रस्ता आहे. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर मुळात गणिताचे प्राध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि थोड्या जागेत, घरच्या काडीकचऱ्यातून अन्न कसं पिकवता येईल, याचे प्रयोग लोकांच्या हाती दिले. त्या वाटेवरून पुढे अनेकांनी शहरातल्या गच्च्यांवर भाज्या पिकवल्या. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी कँटीनमधल्याच ओल्या कचऱ्यातून भाज्या-फळांची बाग उभी केली. सूत्र साधं आहे. डबा पूर्ण मातीने भरायचा नाही. खाली सुका पाला आणि उसाची चिपाडं, मध्ये कुजलेलं खत, वर दोन-तीन इंच माती. चिपाडं रसवंतीवाल्याकडे फुकट मिळतात. ती बारीक तुकडे करून, आठ-दहा दिवस उन्हात वाळवून मगच वापरा, नाहीतर मुंग्यांची यात्रा भरेल. हा थर हळूहळू कुजतो आणि माती खाली बसते, तेव्हा वरून भर घालत राहायची.

खत घरीही होतं. झाकणाच्या बादलीला बाजूने भोकं पाडा. भाजीची देठं, फळांची सालं, धुतलेली चहापत्ती यांचा एक थर, त्यावर सुक्या पाल्याचा किंवा फाडलेल्या वर्तमानपत्राचा दुप्पट थर. शिजलेलं अन्न, तेल, दूध नको. वास यायला लागला तर समजा ओल जास्त झाली, आणखी सुका पाला घाला. दोन-तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत खत तयार होतं. त्याला पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो.

पहिलं पीक: डब्यातली मेथी

बी कुठून आणायचं? स्वयंपाकघरातून. बियाण्याच्या पाकिटात गुलाबी-निळ्या रंगाचं बी दिसलं, तर त्यावर बहुधा बुरशीनाशकाचा लेप असतो. किराणा दुकानातली मेथी खाण्यासाठीच असते, त्यामुळे तो प्रश्न नाही.

दोन चमचे मेथीदाणे रात्रभर भिजवा. सकाळी ओलसर मातीवर दाटसर पसरा, वर अर्ध्या बोटाएवढी माती भुरभुरा, हाताने पाणी शिंपडा. दोन ते चार दिवसांत कोंब दिसतात. 25 ते 30 दिवसांत कापणी. उपटू नका, मातीपासून दोन इंच वर कात्रीने कापा, कधीकधी खालून पुन्हा फुटवा येतो. तेवढाही धीर नसेल, तर 10-12 दिवसांची कोवळी मेथीही कापून कोशिंबिरीत घालता येते.

मेथी जमली की कोथिंबीर. धने अख्खे पेरू नका. लाटण्याने हलकेच रगडून त्याचे दोन भाग करा, रात्रभर भिजवा. कोंब यायला 8 ते 12 दिवस लागतात, तोवर ‘काही येत नाहीये’ म्हणून माती उकरू नका! पुदिन्याची तर पेरणीच नाही. बाजारातल्या जुडीतली जाड काडी पाण्याच्या ग्लासात ठेवा, मुळं फुटली की मातीत लावा. कोंब आलेला कांदा, लसणाची पाकळी मातीत खोचली की पात हजर.

ऋतूशी भांडू नका. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा मेथी, पालक, कोथिंबिरीचा काळ. उन्हाळ्यात लाल माठ लावा, कारण कोथिंबीर उन्हाने लगेच फुलोऱ्यावर जाते. पावसाळ्यात अळू आणि मायाळू. मायाळू नुसत्या काडीपासून लागतो, ग्रिलवर चढतो, आणि पावसात त्याच्या पानांची भजी कशी लागतात, हे आजीला विचारा.

पाणी प्रेमाने नको, बोटाने

रोज सकाळी सवयीने तांब्याभर पाणी ओतणं, हा कुंडीतल्या झाडांचा सगळ्यात मोठा शत्रू. मुळांना हवाही लागते. माती सतत चिखल राहिली की मुळं कुजतात आणि झाड सुकल्यासारखं दिसतं. ते बघून आपण आणखी पाणी घालतो! उपाय एकच. बोट मातीत पेरभर खुपसा. ओलं लागलं तर आज सुट्टी. कोरडं लागलं तर तळातून पाणी निथळेपर्यंत द्या. खाली ताटली ठेवली असेल तर ती रिकामी करा. साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठवड्याभरात तयार होतो. खालच्या मजल्यावर पाणी गळालं, तर घरमालकांशी होणारा संवाद वेगळाच.

पानांमागे हिरवे-काळे किडे दिसले तर तो मावा. कापसासारखं पांढरं दिसलं तर पिठ्या ढेकूण. आधी नुसत्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. नाही गेले तर लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या साबणाचे काही थेंब मिसळून संध्याकाळी फवारा. भरउन्हात फवारलं तर पानं जळतात. खाण्याआधी पानं धुऊन घ्या.

आणि परीक्षा संपून गावी जाल तेव्हा? जुन्या सुती टी-शर्टची लांब पट्टी कापा. एक टोक पाण्याने भरलेल्या बादलीच्या तळाशी, दुसरं डब्यातल्या मातीत खोचलेलं. बादली डब्यापेक्षा थोडी उंचावर ठेवा. पट्टीतून पाणी हळूहळू झिरपत राहतं. निघायच्या दोन दिवस आधी करून बघा, म्हणजे अंदाज येतो.

मग फायदा काय?

खरं सांगायचं तर पैसे फारसे वाचत नाहीत. तेलाच्या एका कॅनमध्ये महिन्याभरात फार तर एक जुडी मेथी निघते. पाच जणांच्या पीजीची भाजी त्यात होत नाही. चार थेपले होतात किंवा वरणाच्या फोडणीत मूठभर पडते. ‘बाजारातलं सगळं विष, घरचं तेवढं अमृत’ असंही समजू नका. दुकानातल्या पाकिटबंद मालावर ‘ऑरगॅनिक’ लिहायला प्रमाणपत्र लागतं. आपल्या डब्याला ते काही लागत नाही, कारण त्यात काय घातलं हे आपल्याला माहीत असतं. जेवढं पिकतं तेवढ्यापुरती ही खात्री मोलाची आहे.

दुसरा फायदा बाजारात गेल्यावर कळतो. 2023 च्या जुलैमध्ये टोमॅटोने किलोला शंभरी ओलांडली तेव्हा किती मीम्स फिरले, आठवतं? दोनच महिन्यांत भाव इतके कोसळले की शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले. त्यावर मीम्स झाले नाहीत. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या फेकल्याच्या बातम्या तर जवळपास दरवर्षी येतात आणि आपण त्या स्क्रोल करून पुढे जातो.

एका जुडीसाठी तुम्ही महिनाभर बोटाने माती तपासली, मावा धुतला, अवकाळी पाऊस आला तेव्हा डबा आत ओढला. शेतकऱ्याला त्याचा वाफा आत ओढता येत नाही. हे एकदा हाताने अनुभवलं, की मंडईत ‘मावशी, दहाला दोन द्या ना’ म्हणताना जीभ जरा अडखळते. अडखळू दे.

तर या रविवारी ऊन मोजा. तीन तास भरले, तर त्याच रात्री दोन चमचे मेथी भिजत घाला. टोमॅटोचं पुढच्या वर्षी बघू.